रात्री डिंगी वर घेतली होती का?

गेल्या अंकात शिडाच्या होडीवरच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं होतं. झुलत्या शेगडीवर कुकर कसा लावतात, लाटेबरोबर पोळपाट कसं पळतं, असलं काहीबाही. वाटलं, पत्रं येतील ती आमटीबद्दल. आली ती चाच्यांबद्दल! ३४ वर्षं मर्चंट नेव्हीत काढून आता लक्ष्मीनगरात बसलोय. जवळात जवळचं खारं पाणी इथून रस्त्यानं सात-आठशे किलोमीटर. तरी नागपूरकरांना समुद्रावरच्या दरोड्याची एवढी चिंता असेल, हे माहीत नव्हतं. चार पत्रं घेतोय.

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. नोकरी सोडून एका परदेशी निवृत्त जोडप्याच्या ४२ फुटी यॉटवर मदतनीस म्हणून जायचं म्हणतो. जानेवारीत फुकेतहून निघून कोचीला, तिथून अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रातून युरोप. पगार नाही, राहणं-जेवण फुकट. त्याच्या बाबांनी बोलणं टाकलंय. मुलगा म्हणतो, चाचे आता फक्त सिनेमात उरलेत. आमच्या नात्यात पेंचच्या धरणापलीकडे कोणी पाणी पाहिलेलं नाही. विचारायचं कोणाला? — एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, मुलगा निम्मा बरोबर आहे. पूर्ण चूक असता तर समजावणं सोपं होतं.

२०११ साली एकट्या सोमाली चाच्यांच्या नावावर २३७ हल्ले नोंदले गेले. पुढे देशोदेशींची आरमारं तिथं गस्त घालू लागली, जहाजांवर बंदूकधारी पहारेकरी आले, डेकच्या कडेनं काटेरी तारा लागल्या, आणि आकडा झपाट्यानं खाली आला. इतका, की १ जानेवारी २०२३ पासून जहाजवाल्यांच्या संघटनांनी हिंदी महासागरावरचा ‘अतिजोखमीचा भाग’ हा शिक्काच काढून टाकला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोमालींनी ‘रुएन’ नावाचं मालवाहू जहाज पळवलं. मार्च २०२४ मध्ये आपल्या ‘आयएनएस कोलकाता’नं ते गाठलं, हवाई दलाच्या विमानातून मार्कोस कमांडो बोटींसकट समुद्रात उतरवले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. म्हणजे धंदा बंद पडला नव्हता, शटर अर्धं ओढलेलं होतं.

पण हा सगळा हिशेब मोठ्या जहाजांचा. यॉटचं गणित वेगळं, आणि तुमच्या मुलाला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी शेवटी ज्या जहाजावर होतो त्याचा डेक पाण्यापासून दोन मजले वर. चाच्याला तिथं शिडी अडकवावी लागते, आणि जहाज १८ नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटरच्या वर पळत असेल तर ते फार अवघड. यॉटचा डेक पाण्यापासून हाताभर-दोन हात. शिडी कशाला, पाय उचलून टाकला की आत! वेग म्हणाल तर पाच-सहा नॉट, म्हणजे आपल्या डब्बेवाल्याची सायकल. चाच्यांची फायबरची होडी पंचवीस नॉटनं येते. जहाजावर दारं लावून सगळ्यांनी कोंडून घ्यायला पोलादी खोली असते. यॉटवर लाकडी दार असतं, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या जाडीचं.

आणि ऋतू. अरबी समुद्र शिडानं पश्चिमेकडे ओलांडायचा तर जानेवारी-फेब्रुवारीच बरा. ईशान्येचा वारा असतो, लाट कमी. चाच्यांनाही नेमकी तीच लाट हवी असते. पावसाळ्यात त्यांच्या लहान होड्या बाहेर पडू शकत नाहीत. दोघांचं पंचांग एकच.

फेब्रुवारी २०११ मध्ये ‘क्वेस्ट’ नावाची अमेरिकन यॉट आपल्या मुंबईहूनच ओमानच्या सलालाह बंदराकडे निघाली होती. चौघं जण, सगळे निवृत्तीच्या वयाचे. वाटेत सोमालींनी पकडली. अमेरिकेच्या युद्धनौका मागावर होत्या, बोलणी चालू होती, तरीही चौघांना यॉटवरच गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी ऑक्टोबर २००९ मध्ये सेशेल्सहून टांझानियाकडे निघालेलं एक ब्रिटिश जोडपं त्यांच्या ‘लिन रायव्हल’ या ३८ फुटी यॉटवरून उचललं गेलं. ३८८ दिवस ओलीस. त्यांच्याकडे जहाज कंपनी नव्हती, खंडणीचा विमा नव्हता, आणि चाच्यांना हे पटेना. यॉट आहे म्हणजे करोडपती, असा त्यांचा सरळ हिशेब. प्रत्यक्षात असली पुष्कळ जोडपी घर विकून होडी घेतात. होडी हेच त्यांचं घर आणि होडी हाच पीएफ.

वर तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबला, नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूती बंडखोरांची ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊ लागली. जुलै २०२५ मध्ये त्यांनी एकाच आठवड्यात दोन मोठी मालवाहू जहाजं बुडवली. ते यॉटच्या मागे नाहीत हे खरं. पण रस्त्यात दोघांची मारामारी चालू असताना मधून सायकल काढणाऱ्याला आपण काय म्हणतो?

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : फुकेत ते कोची खुशाल जाऊ द्या. अंदमानच्या बाजूनं, श्रीलंकेखालून. अपूर्व प्रवास आहे, आणि त्या वयात मला कोणी विचारलं असतं तर मी चप्पलही न घालता निघालो असतो. कोचीत त्यानं उतरावं. त्या जोडप्याला पुढं जायचंच असेल तर आफ्रिकेला वळसा घालून केपकडून जाता येतं, किंवा यॉट मालवाहू जहाजाच्या डेकवर चढवून नेता येते. २०११ नंतर अनेकांनी तसं केलं, मालदीवला होडी चढवली आणि तुर्कस्तानात उतरवून घेतली. पैसा लागतो, पण लागतोच.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही ते. तुमच्या मुलाची खरी गाठ पडेल ती एके-४७ वाल्याशी नाही, भुरट्या चोराशी. यॉटवर होणाऱ्या गुन्ह्यांत सगळ्यांत नेहमीचा प्रकार म्हणजे नांगरलेल्या होडीची डिंगी आणि तिचं मागे अडकवायचं आउटबोर्ड इंजिन चोरीला जाणं. डिंगी म्हणजे यॉटवरून किनाऱ्यावर जायची लहान रबरी होडी. मच्छीमाराच्या होडीला तेच इंजिन चालतं, त्यामुळे गिऱ्हाईक दाराशी.

२०१७ साली माझ्या एका जुन्या शिपमेटच्या यॉटवर महिनाभर होतो, मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या वरच्या अंगाला. एका बेटाच्या आडोशाला संध्याकाळी नांगर टाकला. चांदणं, वारा पडलेला, मित्रानं वांग्याचं भरीत केलेलं. वहिनी दोनदा म्हणाल्या, “डिंगी वर घ्या.” आम्ही दोघं कप्तान, मिळून साठ-पासष्ट वर्षांचा अनुभव, आम्हाला कोण सांगणार! डिंगी मागे दोरीला तरंगत सोडली आणि कॉकपिटमध्येच, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतच आडवे झालो, दोरीपासून बारा फुटांवर. सकाळी क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, हातभर दोरी लोंबत होती. टोक बघितलं. तुटलं असतं तर धागे पिंजलेले दिसले असते. हे टोक दुधी कापावा तसं साफ होतं, थोडं तिरकं, धारदार सुरीचं. आम्ही बारा फुटांवर घोरत असताना एक माणूस पोहत आला, कापून, डिंगी ढकलत घेऊन गेला, आणि लांब गेल्यावर इंजिन चालू केलं असणार. आठ हॉर्सपॉवरचं इंजिन, नवंकोरं. डिंगी नसलेली यॉट म्हणजे वर्धा रोडवर घर आणि दारात गाडी नाही. दोन तास हात हलवत बसलो, तेव्हा एका कोळ्यानं किनाऱ्यावर सोडलं. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. दिवसभर.

मला त्या माणसाचा राग येत नाही. तो वर चढला असता आणि आमच्यापैकी कोणी जागं झालं असतं, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. भुरट्या चोरीचा सशस्त्र दरोडा बहुतेक वेळा असाच होतो.

म्हणून त्या जोडप्याशी तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला. इंग्रजी अडलं तर मुलगा सांगेल. चाच्यांबद्दल विचारू नका, त्यावर सगळे शहाण्यासारखं बोलतात. विचारा, रात्री डिंगी काय करता? जो कप्तान सांगेल की शिडाच्या दोरावर टांगून डेकच्या उंचीला घेतो, साखळीनं कुलूप लावतो, इंजिनाला मुद्दाम भडक वेडावाकडा रंग फासलाय म्हणजे विकायला जड जावं, त्याच्या हवाली मुलगा करायला हरकत नाही. मग विचारा, झोपताना हॅच, म्हणजे डेकमधल्या झडपा, उघड्या ठेवता का? उकाड्यानं ठेवाव्याच लागतात, पण आतून गज बसवलेला हवा. कॉकपिटमध्ये हालचालीनं पेटणारा दिवा आहे का? रोजचा ठावठिकाणा फेसबुकवर टाकता का? या शेवटच्यावर हो आलं तर मला फोन करा.

आणि मुलाच्या कानात एक घाला : कोणी वर आलाच तर जे मागेल ते द्यायचं. वेगळं पाकीट तयार ठेवायचं, थोडे डॉलर, एक जुना फोन, बंद पडलेलं घड्याळ. हात दिसतील असे, आवाज खाली.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून निवृत्त आहे. तुम्ही लोक हत्यार का ठेवत नाही, हे मला कळत नाही. समोरच्याला कळलं की आपल्याकडे बंदूक आहे, तर तो अर्धा गार होतो. — काटोल रोड

उत्तर : साहेब, जमिनीवर तुमचं खरं असेल. तुमच्यामागं ठाणं असतं, वायरलेस असतो, गाडी येते. पाण्यावर मागे कोणी नसतं.

न्यूझीलंडचे सर पीटर ब्लेक हे शिडाच्या शर्यतींतलं फार मोठं नाव. अमेरिकाज कप दोनदा, १९९५ आणि २००० साली, त्यांच्या संघानं जिंकला. डिसेंबर २००१ मध्ये त्यांची ‘सीमास्टर’ ही यॉट ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या मुखाशी, मकापाजवळ नांगरलेली होती. रात्री तोंड झाकलेले चोरटे चढले. ब्लेक खाली जाऊन रायफल घेऊन आले, एकाच्या हाताला गोळी घातली, आणि रायफल अडकली. त्यांना पाठीत गोळी लागली आणि ते गेले. चोरांनी काय नेलं, सांगू? काही घड्याळं आणि १५ हॉर्सपॉवरचं एक आउटबोर्ड. इंजिनच.

माझंही शौर्य सांगतो. तिसरा अधिकारी होतो, चोवीस वर्षांचा, चितगावच्या बाहेरच्या नांगरपट्टीत. पहाटे तीनला पाठच्या डेकवर चार पोरं बांबूच्या आकड्यानं चढलेली, जहाज बांधायचा जाड दोर सरसर खाली सोडत होती. मी टॉर्च घेऊन ओरडत धावलो. त्यांच्यातल्या एकानं कोयता नुसता वर धरला, बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मागून आमच्या दाभोळच्या सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, कॉलर धरून ओढलं. “साहेब, दोर कंपनीचा, मुंडकं तुमचं!” भोंगा वाजवला, दिवे लावले, पोरं गेली. दोर गेला. मुंडकं अजून लक्ष्मीनगरात आहे.

दुसरी अडचण तुमच्या खात्यातलीच. यॉट महिन्याला दोन-तीन देश बदलते. प्रत्येक बंदरात हत्यार जाहीर करायचं, बहुतेक ठिकाणी ते जप्त करून निघताना परत देतात. म्हणजे नांगरलेल्या होडीवर, जिथं चोर येतो, तिथं ते नसतंच. जाहीर केलं नाही तर तुरुंग.

तिसरी सगळ्यांत वाईट : समोरचा चाचा आहे हे ठरवणार कोण? १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्यासमोर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या, आणि ‘सेंट अँटनी’ या होडीवरचे आपले दोन मच्छीमार मेले. खटला आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला. २०२१ मध्ये १० कोटींची भरपाई जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयानं तो बंद केला. शिकलेल्या, वर्दीतल्या सैनिकांची ही चूक. कोळी जोरात अंगावर येतात ते बहुतेकदा तुमची होडी त्यांच्या जाळ्यावर चाललेली असते म्हणून, नाहीतर पाणी किंवा सिगारेट मागायला. लांबून ते आणि चाचे सारखेच दिसतात. त्याच फायबरच्या होड्या, तेच फडकं बांधलेलं डोकं. फरक शिडीचा. कोळ्याच्या होडीत जाळं असतं, आकड्याची शिडी नसते. दुर्बीण बंदुकीपेक्षा स्वस्त पडते, साहेब.

प्रश्न : चाचेगिरी आणि समुद्रावरचा सशस्त्र दरोडा यांत कायद्यानं फरक काय? भारतात शिक्षा काय? मदत कोणाकडे मागायची? — विधी शाखेचा विद्यार्थी

उत्तर : फरक जागेचा. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम १०१ प्रमाणे चाचेगिरी होते ती खुल्या समुद्रात, खासगी हेतूनं, एका जहाजावरून दुसऱ्यावर. चाच्याला कोणत्याही देशाची युद्धनौका पकडू शकते. तेच कृत्य किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत झालं तर तो त्या देशाचा अंतर्गत गुन्हा, सशस्त्र दरोडा; तिथले पोलीस येतील तेव्हा येतील. यॉटवाल्याचं बहुतेक दुखणं याच बारा मैलांत असतं, म्हणून बातम्यांतल्या युद्धनौकांचा त्याला फारसा उपयोग नाही. माझी डिंगी गेली ती कोणत्या कलमाखाली, ते तू सांग.

आपल्याकडे चाचेगिरीचा वेगळा कायदा आला तो ‘सागरी चाचेगिरीविरोधी कायदा, २०२२’. त्याआधी पकडलेल्या चाच्यांवर खटला चालवताना सरकारी वकिलांना जुन्या दंडसंहितेची कलमं जोडत बसावं लागायचं. आता जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि चाचेगिरीत कोणाचा जीव गेला तर फाशीही. ‘रुएन’वरचे पस्तीस जण मुंबईत आणले ते याच कायद्याखाली.

मदतीचं म्हणशील तर व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल १६. आसपासचं प्रत्येक जहाज तो ऐकत असतं. आपल्या तटरक्षक दलाचा नंबर १५५४. हल्ल्यांची नोंद घेणारं आंतरराष्ट्रीय केंद्र १९९२ पासून क्वालालंपूरला, चोवीस तास चालू. आणि हिंदी महासागरातल्या हालचालींवर नजर ठेवणारं आपल्या नौदलाचं केंद्र आहे गुरुग्रामला! २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालं. गुरुग्रामला समुद्र नागपूरइतकाच आहे. तेव्हा राजेहो, आपणही काही बोलायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, इंग्रजांच्या पुस्तकात कान्होजी आंग्रे यांना चाचे म्हटलंय. खरं आहे का? — इयत्ता आठवी, महाल

उत्तर : बाळा, म्हटलंय हे खरं. ते चाचे होते हे नव्हे. कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. कोकणच्या पाण्यातून जायचं तर दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा, असा त्यांचा नियम. इंग्रज म्हणाले, आम्ही घेणार नाही. ज्यानं टोल भरला नाही त्याला अडवलं, तर अडवणारा दरोडेखोर कसा?

आणि तुला एक गंमत सांगतो, वर्गात सांगायला. १७१२ साली कान्होजींनी जी इंग्रजी जहाजं पकडली, त्यांत मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची स्वतःची यॉट होती, ‘अल्जेरिन’ नावाची, तोफांसकट. चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला, त्याची बायको कैद झाली, आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन तिला सोडलं. वरच्या काकूंच्या प्रश्नाला उत्तर लिहिताना ही गोष्ट सारखी आठवत होती, आणि मान्य करतो, थोडा अडखळलो. त्या बाईला दस्तक आणि खंडणी यांतला फरक कळला असेल का, हा प्रश्न तुझ्या वर्गात नक्की कोणीतरी विचारेल. तेव्हा सांग की कान्होजींच्या मागे राज्य होतं, शिक्का होता, तह करायचा अधिकार होता. सोमालियातल्या त्या पोरांच्या मागे फक्त एक सावकार असतो, जो होडी, डिझेल आणि बंदुका उधार देतो. आपल्या नौदलाचा मुंबईतला तळ आज ‘आयएनएस आंग्रे’ याच नावानं ओळखला जातो.

वाद मिटला नाही तर त्या मुलाला घेऊन रविवारी सकाळी अंबाझरीला ये. मी सातला फिरायला असतो.